वड्या काकूंच्या, हळदीकुंकू मंडळाचं

८ जानेवारी
शाळेत मराठीच्या बाई एकदा म्हणाल्या होत्या, "चांगली माणसं तोंडावर दारसुद्धा हळूच लावतात." आज का आठवलं, कोण जाणे.
कादंबरी अडकलीय. १८८०चं पुणं, शास्त्र्यांचं घर. विधवा यमुना सोवळ्यात सगळ्यांचा स्वयंपाक करते, पण सणाला सवाष्णींसमोर यायचं नाही. तिची जाऊ फार दुष्ट झालीय. खोटी वाटते.

११ जाने.
हळदीकुंकवाची मीटिंग, भाग्यश्रीकडे. तिळाच्या वड्या सुधाकाकूंच्याच, यावर एकमत. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या निम्म्या मराठी घरांत संक्रांतीला त्यांच्याच वड्या जातात. मग भाग्यश्री हळूच, "काकूंना इन्व्हाइट नको ना? काका जाऊन वर्षही नाही झालं. त्यांना अनकम्फर्टेबल होईल गं. वड्या मी पिकअप करीन."
सगळ्यांनी माना हलवल्या. यमुनेचं प्रकरण वाचून या भाग्यश्रीनंच रडत रडत व्हॉइस मेसेज पाठवला होता.
मी म्हटलं, त्यांना विचारू तरी.
"विचारणं म्हणजेच हर्ट करणं, यार."
घरी येऊन जावेचे संवाद बदलले. आता ती मऊ बोलते. एकदम जिवंत झाली. मला मात्र माझीच शिसारी...

१३ जाने.
काकूंकडे. गुळाचा पाक गॅसवर.
"मला कळलंय गं," परातीला तूप लावत म्हणाल्या. "भाग्यश्रीचा फोन आला होता. म्हणे, तुम्ही दमाल. वड्या करून दमणार नाही, पण तिथे येऊन खाऊन दमेन!"
हसल्या. मग हसू ओसरलं.
"जन्मभर इथल्या हॉस्पिटलात लोकांना भूल दिली. माझ्या भरवशावर झोपायची माणसं. कपाळ कुणी बघितलं नाही माझं."
"मग या ना काकू."
"नको. मी आत आले की सगळ्या एकदम गप्प होतील. ते नाही सोसत." थांबून, "पुस्तकात घालशील मला, तर जरा बारीक कर."
काकांचा चष्मा अजून डायनिंग टेबलावरच.

१७ जाने., सकाळ
आज हळदीकुंकू. रात्री झोप नाही. यमुनेला मी शेवटच्या प्रकरणात सगळ्यांसमोर आणलंय. कागदावर काय, कुणीही आणेल.
भाग्यश्री दुपारी वड्या न्यायला जाणार. काकू नकोच म्हणतील. तरी आत्ता फोन लावला, उचलला नाही, तेव्हा मेसेज टाकला :
काकू, वड्या कुणाला देऊ नका. मी गाडी घेऊन येतेय. साडी नेसून तयार राहा. मला आज तुम्ही कुंकू लावाल? सगळ्यांसमोर?