तुझ्यापायी बोललेलं खोटं

सॉल्ट लेक सिटी, रविवार

आसिफ,

सलाम आणि दुवा. गुडघा बरा आहे, नाझनीन बापाला जपते, काळजी करू नको. दारची जाई फुलली का? बाकी मी तुझ्यावर लई चिडून राहिलोय.

हसीनानं लेकीला, अलीझाला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात घातलं म्हणून तू त्या विधवा बहिणीशी बोलणं टाकलंस, आणि वर त्याला जिहाद म्हणतोस?

इथं शेजारी एक मॉर्मन आजोबा आहेत आणि एक ज्यू डॉक्टर. आजोबा म्हणाले, आमच्या धर्मग्रंथातल्या काही लोकांनी तलवारी जमिनीत पुरल्या. मेले, पण उकरल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, आमच्यात स्वतःच्या मनाला जिंकतो तोच शूर. मी म्हणालो, आमच्यातही आपल्या नफ्सशी, मनातल्या अहंकाराशी लढणं हाच मोठा जिहाद.

"असं लढणारं कुणी पाहिलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तुझं नाव सांगितलं. या वयात खोटं बोललो.

औशाच्या शाळेत कविता म्हणताना तू अडायचास, तेव्हा हसीना खिडकीबाहेरून पुढची ओळ पुरवायची. तिला मात्र चौथीनंतर कुणी वर्गात बसू दिलं नाही. विसरलास?

माझं खोटं खरं कर. तिचं दार वाजव. तोवर मला फोन करू नको.

तुझा भाई,
चांदपाशा