निळ्या कोटातला लाहू

डहाणू रोड,
ता. १२ फेब्रुवारी २०२५

चि. शितल हिस,

नविनकाकाचे आशीर्वाद. राग अजून उतरला नसेल तर आशीर्वाद बाजूला ठेव, नासणारा माल नाही.

सर्वांत आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. आमच्या पोस्टात काउंटरवर पेन बांधायची दोरी आहे, पेन नाही. दोन वर्षं झाली. पेन कोणी नेलं ते कोणालाच ठाऊक नाही, पण दोरी सरकारने कायम ठेवली आहे. नवे पोस्टमास्तर आले, त्यांनी तर ती सोडवून, धुऊन, पुन्हा बांधली. परवा पाकिटावर तुझा पत्ता लिहायला गेलो आणि सवयीने दोरी ओढली. दहा मिनिटं दोरी हातात धरून उभा होतो. मागच्या बाईला वाटलं, हा माणूस कसली तरी शपथ घेतोय. ज्या राष्ट्रात दोरी आहे आणि पेन नाही, तिथून पत्रोत्तराला एकोणीस दिवस लागले तर दोष कोणाचा ते तूच ठरव.

दोरीचा नाही, हे मलाही कळतं.

इकडे सगळं ठीक. दक्षाकाकूचा गुडघा दुखतो, पण जीभ उत्तम चालते. चिकूला भाव नाही. स्टेशनसमोर पुन्हा खोदलंय, त्यामुळे दुकानात गिऱ्हाईक येतं ते उडी मारूनच येतं. फोटोत सगळे धापा टाकताना दिसतात.

तुझे मेसेज मी उघडले नव्हते. वरच्यावर, निळी खूण होऊ न देता वाचायची कला आमच्या वयाला उशिरा येते, पण गरज पडली की येते. मग तू कागदावर लिहिलंस. कागद उघडावाच लागतो. चार पानं, पाठपोट.

मजकूर मी दोनदा वाचला, काकूने एकदा. तू विचारलंस, 'काका, तुम्ही जगाची टर उडवता ना, मग सांगा, माणसाच्या रंगावरून छळण्यात कुठला देश पहिला?' परीक्षक म्हणून बोलावलंस, आभारी आहे. स्पर्धकांची कामगिरी बघू.

आखातात तुझ्या त्या आधीच्या हॉस्पिटलात पासपोर्ट बघून पगार. वॉर्ड तोच, सलाईन तीच, शीर सापडायला लागणारा वेळही तोच. गोऱ्या देशाच्या पासपोर्टला तुझ्या तिप्पट, मनिलाच्या पोरीला तुझ्याहून थोडा बरा, मग तू. आणि हे सगळं छापील. मला आवडलं. निदान भांडायचं तर बोट ठेवायला कागद आहे.

आता आयर्लंडात त्या आजोबांनी तुला बघून हात पांघरुणात घेतला आणि 'खरी नर्स बोलाव' म्हणाले. मग तुझ्या वरच्या सिस्टरने तुझी माफी मागितली, तक्रारीचा फॉर्म भरून घेतला, चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीतली तुझी ड्यूटी काढून टाकली, तुझ्याच भल्यासाठी. म्हणजे आजोबांना हवं ते मिळालं आणि तुला चहा. सभ्य लोक.

आपल्या मुंबईच्या नर्सिंग कॉलेजचंही तू लिहिलंस. हॉस्टेलच्या पोरी विचारायच्या, तुम्ही लोक घरी कपडे घालता का. पण गॅदरिंग आलं की, शितल, तुमची ती वारली चित्रं काढ ना. तीन वर्षं भिंत तू रंगवलीस. तीन वर्षं भिंतीपुढे उभं राहून फोटो दुसऱ्यांनी काढले.

निकाल लावणार होतो. पण चौथ्या पानावर तू आणखी एक देश लिहिलास, आणि त्याचा पत्ता लिहिलास: डहाणू रोड, स्टेशनसमोर, नविनकाकाचा स्टुडिओ. खाली दोनच वाक्यं.

'काका, इथले लोक मला काळी म्हणून बघतात. तुम्ही माझ्या बाबाला बघितलंच नाही.'

हे वाचून काकूने कागद माझ्या हातात परत दिला आणि आत जाऊन कुकर लावला. मी तीन शिट्ट्या मोजल्या.

माझी बाजू ऐक. वकील नेमलेला नाही, मीच मांडतो.

गेल्या भाद्रपदात तुझा बाबा, लाहू, गेला. तुला रजा मिळाली नाही. बाराव्याला भिंतीवर फोटो हवा म्हणून तुझी आई, बुधीबाई, उधव्याहून दोन गाड्या बदलून माझ्याकडे आल्या. त्यांच्याकडे लाहूचा फोटो नव्हता. तुझ्या जुन्या फोनमध्ये दोनतीन होते, त्यांत तो पाठमोरा किंवा टोपीत. माझ्याकडे होता, २०१९चा, पासपोर्ट साइझ. मी मोठा करून फ्रेम करून दिला. तू व्हिडिओ कॉलवर पाहिलास आणि आईला म्हणालीस, भिंतीवर कोणाला टांगलंय?

शितल, माझ्या कंप्युटरवर एफ-फाइव्ह दाबलं की चेहरा दोन पायऱ्या गोरा होतो. एफ-सिक्स दाबलं की अंगात निळा कोट आणि मरून टाय येतो. या दोन तालुक्यांत गेल्या बारा वर्षांत जेवढे पुरुष वारले, ते सगळे एकाच निळ्या कोटात वारलेत. कोणाची तक्रार नाही. मुलीच्या लग्नाचा फोटो असो, शाळेच्या दाखल्याचा असो, गिऱ्हाईक सांगत नाही आणि मी विचारत नाही. माझे वडील हेच निगेटिव्हवर करायचे. बारीक ब्रशने चेहऱ्यावर लाल रंगाचा हलका हात फिरवायचा, की छापताना तेवढा भाग उजळ येतो. डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास बसायचे. म्हणायचे, लोक आरशात बघायला आपल्याकडे येत नाहीत. मी स्वतः कढईच्या बुडासारखा, पण माझ्या लग्नाच्या फोटोत मी दुधातला दिसतो. काकूच्या माहेरचे अजून म्हणतात, नवरा बदलला.

तुझाही परदेशी अर्जाचा फोटो एकदा परत आला होता, 'फोटोत फेरफार' असा शेरा मारून. आठवतं? मी म्हणालो होतो, तिकडच्या मशीनला सौंदर्य कळत नाही. तू हसली होतीस. मला वाटलं, हसलीस.

आता मूळ फोटोचं. तू सप्टेंबरात मागितलास, तेव्हा मी कळवलं की हार्डडिस्क जळाली. विजेचा दाब वाढला, इत्यादी.

गिऱ्हाईक आलं. उरलेलं उद्या.

ता. १३

काल गिऱ्हाईक आलं नव्हतं.

आज मात्र आलं. सकाळी मी एक प्रयोग केला, एफ-फाइव्ह काढून टाकलं. पहिलीच पोर आली सरावलीची, कॉलेजच्या फॉर्मसाठी. जशी होती तशी छापली. तिने फोटो बघितला, मला बघितलं, म्हणाली, 'काका, ह्यात मी काळी येते.' मी म्हटलं, तू आहेस तशी आलीयस. तर म्हणाली, ते मला माहीत आहे, ते फोटोत कशाला? मागे काकू उभी होती. म्हणाली, तुम्हाला धंदा करायचाय की लोकांना सुधारायचंय, एक काय ते ठरवा. दोन्हीचं भाडं आपल्याला परवडत नाही.

मी एफ-फाइव्ह परत बसवलं. पोर खूश होऊन गेली. वैताग नुसता. त्या आजोबांच्या पांघरुणाला निदान नाव आहे, फॉर्म आहे. माझ्याकडे लोक स्वतःहून, उडी मारून, पैसे देऊन येतात आणि म्हणतात, आम्हाला थोडं पुसा. कोणावर फॉर्म भरायचा? त्या पोरीवर? माझ्या मेलेल्या बापावर?

असं मी अजून दोन पानं लिहू शकतो. मला येतं. गावात लोक मला बोलायला बोलावतात ते त्यासाठीच. पण तू फोटो मागितला आहेस, भाषण नाही.

हार्डडिस्क जळालेली नाही. फाइल आहे. मी ती दाखवायला लाजत होतो, आणि का ते आता लिहितो.

२०१९चा मे. तुझा बाबा वनजमिनीच्या अर्जाला फोटो हवा म्हणून आला. उधव्याहून उन्हात, उभ्याने प्रवास करून. शर्ट पाठीला चिकटलेला. दुकानात एका चिकूवाडीच्या मालकाचं कुटुंब बसलं होतं, नातवाच्या वाढदिवसाचा अल्बम निवडत. चांगलं गिऱ्हाईक. चांगल्या गिऱ्हाइकासमोर मला विनोद सुचतात. मी लाहूला म्हणालो,

'लाहू, मागे नळ आहे, तोंड धुऊन ये. घाम जाईल. काळा काय जाणार नाही.'

सगळे हसले. मालकाची सून तर डोळे पुसत होती. लाहू मागे गेला, तोंड धुतलं, येऊन स्टुलावर बसला. कानशिलावरचे केस ओले. पहिल्या क्लिकला डोळे मिटले. दुसरा क्लिक घेतला, तोच एक आहे.

त्यात तो रागावलेला नाही. रागावलेला असता तर मी तो फोटो तुला केव्हाच पाठवला असता. तो हसायला सुरुवात करून मध्येच थांबलेला आहे. हसायचं की नाही ते समोरच्याने सांगावं, म्हणून वाट बघतोय. समोर मी होतो.

भाद्रपदात बुधीबाई समोर बसल्या असताना मी ती फाइल उघडली आणि हा चेहरा पूर्ण स्क्रीनभर आला. मी एफ-फाइव्ह दाबलं. मग पुन्हा दाबलं. मग तिसऱ्यांदा. ओल्या केसांच्या जागी कोरडे केस आणले, ओठांचे कोपरे वर ओढले, कोट घातला. गोरा मी सगळ्यांनाच करतो, ती सवय. पण लाहूचा तो चेहरा मी सवयीने नाही पुसला. मुद्दाम पुसला. मला तो भिंतीवर नको होता. तुमच्याच भिंतीवर.

बुधीबाईंनी फ्रेम दोन्ही हातांत धरली. विचारलं, 'यो कोण?'

मी हसून म्हटलं, बघा, लाहूचा साहेब झाला. त्यांनी कनवटीचे पैसे काढून दिले, फ्रेम पदरात गुंडाळली आणि गाडीला गेल्या. पदरात का गुंडाळली, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मी पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

तू बघितलंच नाही म्हणतेस. बघितलं होतं ग. म्हणून तर.

ता. १५

काल मूळ फोटो छापला. काहीही न दाबता. कागदावर रंग नीट बसावा म्हणून तीन कागद फुकट घालवले. माझ्या मशीनला त्या रंगाची सवय नाही. आज उधव्याला जाऊन आलो. काकू म्हणाली, मी येऊ का? मी नको म्हटलं. मग म्हणाली, तोंड सांभाळा.

बुधीबाई अंगणात वाल सोलत होत्या. निळ्या कोटातला माणूस आत भिंतीवर होता, पण त्याच्यावर एक ओढणी टाकलेली होती. तुझी असावी, पिवळी. तू फोन केलास की कॅमेरा तिकडे फिरू नये याची त्या काळजी घेतात, असं शेजारच्या जिव्याने मला वाटेतच सांगितलं होतं.

नवा फोटो त्यांच्या हातात दिला. बराच वेळ बघत होत्या. कानशिलावर बोट ठेवलं.

'डोई ओली हाय त्याची.'

मग मी सांगितलं. का ओली, मी काय बोललो, कोण हसलं, सगळं. तुला लिहिलं तसंच, फक्त तिथे पेन थांबवून विचार करायची सोय नव्हती. त्या वाल सोलत राहिल्या. मला वाटलं, ऐकलं नाही. पुन्हा सुरू करणार, तेवढ्यात म्हणाल्या,

'मला ठाव हाय. त्या दिवशी घरी येऊन बोलला. फोटोवाला बोलतो, काळा काय जाणार नाय.'

एक शेंग फोडली. दाणे टोपलीत टाकले.

'मंग मेल्यावर तूच घालवलास.'

शितल, तीस वर्षं माझ्याकडे कुठल्याही वाक्याला उलट वाक्य तयार असतं. जिव्या दारात उभा होता, तोही माझ्या तोंडाकडे बघत होता, की आता हा काहीतरी बोलणार. मी टोपलीतली एक शेंग उचलली आणि सोलायला लागलो. टोपली संपेपर्यंत बसलो.

मग फ्रेम उतरवली. लाकूड चांगलं आहे, राहू दे, म्हणाल्या. मागचे खिळे काढून कोटवाला बाहेर काढला, लाहूला बसवलं, काच पुसली. ओढणी त्यांनी घडी घालून आत ठेवली. तो चेहरा आता तिथे आहे, वाट बघणारा. तू फोन केलास की दिसेल. बघवेल की नाही मला सांगता येत नाही. त्यामागचं आता तुला ठाऊक आहे, आणि ते मी सांगायला नको होतं असं वाटलं तर तसंही लिही. मी उघडून वाचीन.

देशांचा निकाल मी देत नाही. स्पर्धकाने परीक्षक होऊ नये.

पाकिटात तीन प्रती आहेत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. किती झाले ते कळवा, पाठवते, असं तू लिहिलं आहेस. काही झाले नाहीत. पैसे बुधीबाईंनी भाद्रपदातच दिले होते. तेव्हा माल दिला नव्हता, तो आज पोचला.

लाहूचा फोटो काढणारा,
नविन