छबुबाईंच्या खानावळीतून पळताना

मुक्काम बीड

तीर्थस्वरूप सुंदरराव दाजी यांच्या पायांवर धुळाजीचे डोके. तुमचा गुडघा, मुक्ताआक्काचा खोकला आणि गाभण म्हैस, तिघांचीही खुशाली कळवावी (म्हशीची आधी). मी जिवंत आहे आणि छबुबाईंच्या उपकाराने आहे, हे पहिल्यांदा सांगतो, कारण तिकडे गावी, चकलांब्यात काही भलतंच पोचलं असेल.

बांधाच्या मुकदम्यासाठी इथं आलो, ते तुम्हाला ठाऊकच. अदालतीत पेशीमागून पेशी पुढे गेली आणि वकीलसाहेबांनी (माणूस सज्जन, फक्त हात सतत पुढे) माझा कमरेचा कसा रिकामा केला. खानावळीचं देणं मात्र वाढत चाललं. छबुबाई विधवा, एकटीने चूल चालवणाऱ्या. त्यांच्यापुढे ताटावर बसायची लाज वाटू लागली, म्हणून मी उपास धरले. सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला, मग कुठल्या देवाचे ते मलाही सांगता येणार नाही असे वार धरले. बाईंना वाटलं असावं, केवढा धार्मिक माणूस! त्या भगर, शेंगदाण्याची आमटी आणि वर तूप वाढू लागल्या. उपासाने माझं अंग वाढलं, दाजी, आणि देणंही.

शेवटी पळायचं ठरवलं. (मुकदमा जिंकल्यावर पैसे आणून देणारच होतो. शपथेवर सांगतो.) दुपारी बाई धुणं घेऊन बाहेर पडल्या, गिऱ्हाइकं जेवून ओट्यावर लवंडली, तसा मी खानावळीच्या माळवदावर चढलो आणि मागच्या गल्लीतल्या कडब्याच्या गाडीत उडी टाकली. उडी बरोबर पडली, पण कडब्यात गाडीवान रामहरी झोपला होता, आणि मी त्याच्या पोटावर पडलो. त्याने "भूत! भूत!" करून जी बोंब ठोकली, तिने बैल बुजले. रामहरी एकीकडून खाली गेला, मी दुसरीकडे कडब्याला मिठी मारून राहिलो, आणि बैल रोजच्या सवयीने थेट बिंदुसरा नदीच्या उताराला लागले. काठावर गाडी कलंडली. मी हवेतून पाण्यात गेलो, आणि कुठे? जिथे छबुबाई धुणं धूत होत्या, नेमका तिथे.

नदीला पाणी चढलेलं, आणि मला पोहता येत नाही. नाकातोंडात पाणी गेलं, खरोखर आक्का डोळ्यांपुढे आली. तेवढ्यात कुणीतरी शेंडी धरली. बाई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, एका हातात त्यांची नवी गोधडी, दुसऱ्यात माझी शेंडी. दोन्ही ओढवेनात, तेव्हा त्यांनी गोधडी सोडून दिली.

काठावर आणल्यावर विचारलं, "कुठं चाललते?"

"आंघोळीला," मी म्हणालो.

"कडब्याच्या गाडीत बसून?"

मग मला रडूच आलं. सगळं सांगून टाकलं. त्या पदर पिळत म्हणाल्या, "आवो, पैसे न्हाईत हे मला कवाच कळलंतं. एवढे उपास कुणी धरतंय व्हय? पर त्यापायी जीव कशाला द्यायचा? चला, लई भिजलात. गरम भाकर खा."

पुढे ताप भरला. त्यांनी काढे पाजले, रामहरीची समजूत घातली (त्याला अजून मी भूतच वाटतो), आणि पैशाचा एक शब्द काढला नाही. आता मी पाणी भरतो, भाकऱ्या थापतो. माझी पहिली भाकर पाहून एका गिऱ्हाइकाने, हा वादातल्या बांधाचा नकाशा काय, असं विचारलं. तरी खाल्ली. इतकी माणुसकी मला अख्ख्या अदालतीत दिसली नाही.

आपला, पाण्यातून काढलेला,
धुळाजी

ता.क. आक्का पैसे पाठवणार असेल तर तिला थांबवा. देणं फिटलं की बाई "सुखानं गावाकडं जावा" म्हणतील, आणि मला जायचं नाही.

ता.क. दुसरा. त्यांचे भाऊ धोंडीराम, यूसुफ वडगाव या गावी असतात. तुम्ही जाऊन आमच्या पाटाचं, लग्नाचंच म्हणा, बोलणं करावं, ही खरी विनंती. बाईंना मी अजून विचारलेलं नाही.

ता.क. तिसरा. आत्ता विचारलं. त्या म्हणाल्या, "आदी ती भाकर उलटा, जळायली." पण हसून म्हणाल्या, दाजी. तुम्ही निघाच.