शिकेकाईच्या आधी काय दळलं

आई, तू गेलीस त्याला चाळीस वर्षं झाली, आणि माझ्या घरात आता एक डबा ऐकत बसलाय. न्हाणीघरात घसरून पडले, तेव्हा मुलाने भिंतीला लावून दिला. मी हाक मारली की तो मुलाला फोन लावतो म्हणे. मी विचारलं, हाक मारल्यावर ऐकतो, की आधीपासून ऐकतच असतो? मुलगा वैतागला. "अम्मा, डबा नको तर पेरुंगुडीला आमच्याकडे चल." म्हणजे माझ्या घराला कुलूप. मी डब्यावर टॉवेल टाकला.

नात माझ्या बाजूची. ती म्हणाली, कंपनीचा डबा घरातलं सगळं कंपनीला सांगतो. तिने दुसरा आणला. "आजी, हा कुठल्याच कंपनीचा नाही. ह्याचा कोड उघडा आहे, कुणीही वाचावा."

"तू वाचलास?"

"मी नाही. पण खूप लोक वाचतात."

"खूप लोक म्हणजे कोण गं? एकाला तरी ओळखतेस?"

ती हसली. मी नाही हसले. मला नुंगंबाक्कमच्या गल्लीतली गिरणी दिसत होती. शिकेकाई, मेथी, मूग उन्हात वाळवून तू डबा माझ्या काखेत देतेस. विकतचा साबण तू घरात येऊ देत नाहीस, त्यात काय घालतात ते दिसत नाही म्हणून. मला बजावतेस, आधी काय दळलं ते विचार, मूठभर तांदूळ घालून जातं साफ करून घे, दळून होईपर्यंत हलू नकोस. आणि त्या शुक्रवारी तेल लावून न्हायला बसलो तर आम्ही बहिणी किंचाळत उठलो. शिकेकाईत मिरची! तू ओल्या केसांनी गिरणीवर गेलीस, चार गिऱ्हाइकांसमोर त्या माणसाची अब्रू काढलीस आणि परत त्याची पायरी चढली नाहीस.

नातीला हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, आता बस माझ्यासमोर आणि वाच. तीन रविवार ती वाचत होती, मी शेंगा सोलत होते. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "ऐयो आजी!" तो साधूचा आव आणणारा डबासुद्धा मधून मधून बाहेर कुठेतरी निरोप पाठवत होता. कुणाला, ते तिलाही कळेना. तिने ते बंद केलं. मग तोच डबा भिंतीला लावून घेतला आणि मी न्हाणीघरात खाली बसून हाक मारली. मुलाचा घाबरा आवाज आला, "अम्मा! पडलीस?"

"नाही रे. दळण तपासतेय."

तो चिडला, पण पेरुंगुडीचं नाव पुन्हा काढलं नाही. कंपनीचा डबा परत नेला. माझ्या घराची किल्ली माझ्याच कमरेला आहे. नात आता मैत्रिणींना सांगते, आमच्या आजीला कुणी फसवू शकत नाही, ती लहानपणी गिरणीवाल्यावरही नजर ठेवून उभी राहायची.

उभी नव्हते, आई. रस्त्यात देवळाचा हत्ती आला होता, मी त्याच्या मागे गेले. परत आले तर डबा भरून ठेवलेला. तू विचारलंस, "उभी होतीस ना?" मी हो म्हटलं, आणि तू त्या माणसाला शिव्या घालून आलीस. हा कागद शिकेकाईच्या डब्यात ठेवतेय, तिथे कुणी हात घालत नाही. जातं साफ करायचे तांदूळ माझ्या परकराच्या ओच्यातच राहिले होते. घरी येताना वाटेत मी ते चावून खाल्ले.