एडना दहा वाजून दहा मिनिटांनी वर आली

३ एप्रिल, गुरुवार
मी अकरा वर्षांची असताना डॅड म्हणाले होते, ग्लेनी, सुरुवात करावी तर तुझ्यासारखी. सशांच्या खुराड्यापुढे उभं राहून म्हणाले होते. खुराड्याला तेव्हा दोन भिंती होत्या. पुढेही दोनच राहिल्या, पण तो लाकूड मिळण्याचा प्रश्न होता. छत्तीस वर्षं ते वाक्य मी प्रमाणपत्रासारखं जपलं आहे.

आज डॅड नदीकाठच्या वृद्धांच्या होममध्ये राहायला गेले. खुबा मोडल्यापासून एकटं राहणं जमतच नव्हतं. घर विकलं गेलंय. राहिली मागच्या तळ्यातली दोन कासवं, एडना आणि क्लॅरी. लांब मानेची, एक्केचाळीस वर्षांची. डॅड कालव्यावर नोकरीला होते तेव्हा बोटाच्या पेराएवढी पिल्लं रस्त्यावर सापडली होती. घर घेणारे तळं बुजवून तिथे ट्रॅम्पोलिन ठेवणार आहेत.

डॅड म्हणाले, कासवं पाळणाऱ्यांच्या क्लबातला डेस नेईल त्यांना, त्याचं तळं चांगलं आहे. मी म्हटलं, मी जिवंत असताना डेस कशाला? मी बांधते तळं. ते म्हणाले, कधीपर्यंत? मी म्हटलं, ईस्टरपर्यंत. ते म्हणाले, कोणत्या?

आजारपणाने माणूस चिडचिडा होतो. शेवटी ठरलं: डेस ३१ मेला येणार. त्याआधी तळं तयार असलं तर कासवं माझी.

माझा खरा बेत अजून सांगितलेला नाही. माझ्या घराच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून तळं दिसेल. त्या खोलीत डॅड. कासवं आली की डॅड येतील. ते कासवांना सोडून राहूच शकत नाहीत.

१२ एप्रिल
गल्लीत मोठ्या कचऱ्याचा आठवडा. लोकांनी बाहेर काढून ठेवलेलं कुणीही न्यावं. मला चार घरं सोडून गुलाबी बाथटब मिळाला! तळं निम्मं झालंच म्हणायचं. पुस्तकांत सिमेंट, फिल्टर, पंप असं काय काय लिहितात. पैसेवाल्यांचे नखरे.

टब ढकलायला शेजारची ड्रागित्सा आली. सत्तरीची आहे, पण हातगाडी माझ्यापेक्षा चांगली चालवते. कशाला हवा, म्हणाली. कासवांसाठी, म्हटलं. म्हणाली, आमच्या गावात कासवाचं सूप करायचे, त्याला एवढा मोठा टब लागत नाही. मग म्हणाली, खड्डा कोण खणणार? मी म्हटलं, मी. ती इतकी हसली की टबात बसली. तिला बाहेर ओढायला दहा मिनिटं गेली.

२० एप्रिल, ईस्टर
खणलं. घोट्याएवढं. इथली माती म्हणजे भाजलेली वीट. कंबर धरली. स्नायूंना विश्रांती देणं हेही कामच आहे.

४ मे
कंबर धरलेलीच. निर्णय: तळं जमिनीवर. खड्डा ही जुनी पद्धत झाली. टब वरच ठेवायचा, उंची वाढवायला काठाला लाकूड लावायचं. रेल्वेच्या यार्डामागे जुने लाकडी स्लीपर पडलेत, फुकट.

१८ मे
डॅडचा फोन. लाकूड कसलं घेतेयस? मी म्हटलं, लाकडी. ते म्हणाले, रेल्वेचे स्लीपर नकोत हं, डांबर प्यालेले असतात, पाण्यात उतरतं. मी म्हटलं, छे.

फोन आला तेव्हा चौथा स्लीपर लावून झाला होता. डांबर बाहेरून आहे, पाणी आतून. शिवाय चाळीस वर्षं उन्हात पडलेत. उतरायचं ते केव्हाच उतरलं असेल.

२९ मे
पाणी भरलं! वर इंद्रधनुष्यासारखा तवंग आलाय, फार सुंदर दिसतो. चांगल्या बाजूने फोटो काढून डॅडना पाठवला. त्यांनी डेसला नको म्हणून कळवलं. होममधली नर्स सांगत होती की त्यांनी फोटो छापून घेतला आणि पलंगाच्या वर लावला.

मी स्वयंपाकघरात थोडी रडले. थकव्याने असेल.

३१ मे
कासवं आली. एडनाने मांडीवर तिच्या जातीचा तो वास सोडला, जो चार धुण्यांत जात नाही. ओळख दाखवण्याची तिची पद्धत. क्लॅरीचं तोंड हसल्यासारखंच असतं, पण आज मला बघून जरा जास्त वाटलं.

डॅड म्हणाले, कुंपण घट्ट कर, क्लॅरी चढतो. जाळी तीन बाजूंनी लावून झालीय. तीन म्हणजे बहुतेक सगळ्याच.

८ जून, रविवार
जूनमध्ये इथे हिवाळाच, त्यात गेले तीन-चार दिवस पाऊस. दोघंही खात नाहीत. घाबरले होते, पण डॅड म्हणाले, थंडी पडली की तळाला चिखलात जाऊन झोपतात. चिखल आहे ना? आहे, म्हटलं. खोल? मी म्हटलं, पुरेसा.

संध्याकाळी बादलीभर चिखल टाकला. आता आहे.

२९ जून, रविवार
दर रविवारी दहाला मी फोन करते, डॅड बातमी विचारतात. पाणी आता काळं झालंय, तळ दिसत नाही. कासवांना एकांत लागतोच. आज सांगायला काही नव्हतं. मी म्हटलं, एडना दहा वाजून दहा मिनिटांनी श्वास घ्यायला वर आली. ते म्हणाले, थांब, आणि वहीत लिहून घेतलं. अडतीस वर्षं कालव्याच्या पाण्याची पातळी वहीत लिहिली, ती सवय. कोणत्या बाजूला आली, विचारलं. डाव्या, म्हटलं.

हे खोटं नव्हे. केव्हातरी आलीच असेल.

२० जुलै, रविवार
एडना: ९.४०, ९.५०, १०.०५. क्लॅरी: एकदा, उजवीकडे, खुशीत. डॅड म्हणाले, बरीच येतेय वर. मी म्हटलं, तिला इथलं मानवलंय.

मागच्या खोलीला रंग द्यायला घेतला. दीड भिंत झाली. रंग उत्तम निवडलाय.

३ ऑगस्ट, रविवार
ड्रागित्सा म्हणते, वास येतो. मी म्हटलं, हिवाळ्याचा आहे. ती म्हणाली, ग्लेनिस, मी तीन नवरे पुरलेत, मला वास शिकवू नकोस. मी तिला माझ्या तळ्याबद्दल यापुढे काही बोलू नकोस म्हणून सांगितलं. ती म्हणाली, तू जूनमध्येही हेच म्हणाली होतीस, म्हणून तर मी गप्प बसले. कशाबद्दल गप्प, ते मी विचारलं नाही. भांडण वाढवू नये.

आज डॅडना खोलीबद्दल सांगितलं. मग म्हणाले, खिडकी उघडते का? मी म्हटलं, उघडेल. ते म्हणाले, बघू.

बघू! डॅडच्या तोंडी बघू म्हणजे सामान बांधायला घेतलं.

२५ ऑगस्ट
डेसची कासवं पंधरा दिवसांपूर्वीच उठली म्हणे. सावध झोपेची जात.

२ सप्टेंबर
लायब्ररीतून घरी आले तर ड्रागित्सा मागच्या अंगणात दाताळं घेऊन उभी. पायाशी एडना.

जूनपासूनच गेलेली असणार, असं ड्रागित्सा म्हणाली. कवच हातात घेतलं तर डांबराने माझी बोटं काळी झाली.

क्लॅरी तळाला नाही. ड्रागित्साने सांगितलं. जूनच्या पावसात, जाळी नाही त्या बाजूने तो उतरला. तिने उचलून परत टाकला. पुन्हा उतरला, पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा ती त्याच्या मागे मागे चालली आणि रस्त्याकडचं फाटक तिनेच उघडलं. सरळ नदीच्या दिशेने गेला. म्हणाली, म्हटलं जाऊ दे, निदान तो तरी.

म्हणजे तीन महिने मी रिकाम्या टबाशी गप्पा मारत होते. रिकामा नाही म्हणता येणार. एडना होती.

लिंबाखाली पुरली. डॅड रविवारी येणार आहेत, इथला फादर्स डे सप्टेंबरात, म्हणून. पाणी काळं आहे, ही एक बरी गोष्ट. अजून झोपलेत म्हणून सांगेन. उन्हाळ्यापर्यंत काहीतरी सुचेल.

७ सप्टेंबर, फादर्स डे
होमच्या गाडीने आले. मी चहाबरोबर खायला स्कोन भाजले होते. त्यांनी आधी तळं दाखव म्हणून सांगितलं. व्हीलचेअर टबापाशी नेली. त्यांनी स्लीपरवर बोट घासलं, नाकाशी नेलं. पाण्याकडे बघितलंच नाही.

म्हणाले, कुठे पुरलीस?

मी लिंबाकडे हात केला. आणि क्लॅरी? मी काही बोलायच्या आत कुंपणापलीकडून ड्रागित्सा म्हणाली, मर्व्हिन, तो नदीवर गेला, मी फाटक उघडलं. डॅडनी तिच्याकडे बघून टोपी काढली. थँक यू, म्हणाले. आयुष्यात मला म्हटलेलं आठवत नाही.

मग खिशातून वही काढून माझ्या हातात ठेवली. त्यांच्या अक्षरात माझे सगळे रविवार. वेळा, डावी, उजवी. म्हणाले, हिवाळ्यात कासव असं दर दहा मिनिटांनी वर येत नाही, पोरी. जुलैतच कळलं होतं की तू तिकडे बघतही नाहीस.

मी म्हटलं, मग लिहून का घेत होता?

म्हणाले, तू फोन करत होतीस म्हणून. आधी वर्षातून दोनदा यायचा तुझा.

मला वाटलं, आता माफ करतील. मी म्हटलं, डॅड, चुकलं माझं, खोटं बोलले. ते म्हणाले, खोटं चाललं असतं. थापा मारतेस पण कासवं तळाला नीट झोपलेली असतील, असं धरून चाललो होतो मी. लाकूड नाही चालणार. लाकडाचं मी सांगितलं होतं.

मी म्हटलं, खोली तरी बघा. दारातून बघितली. दीड भिंत. म्हणाले, गाडी तीनला जाते.

स्कोन त्यांनी ड्रागित्साला दिले. गाडीत बसताना म्हणाले, आता रविवारी फोन करायची गरज नाही.

१४ सप्टेंबर, रविवार, सकाळी १०
केला. नर्सने उचलला. म्हणाली, मर्व्हिन बागेत गेलेत. मागे डॅडचा खोकला ऐकू येत होता. तो मी कुठेही ओळखेन.

गेल्या पाच महिन्यांत मी त्यांना खुबा दुखतो का म्हणून एकदाही विचारलं नाही. वही चाळून बघितली. त्यात कुठे नाही, या माझ्या रोजनिशीतही नाही.

मी नर्सला म्हटलं, त्यांना सांगा, कासवांचं काही नाही, खोलीचंही नाही, कशाचंच काही ठरवलेलं नाही. फक्त विचारा, आज दुपारी मी तासभर येऊन त्यांच्याजवळ बसू का. बोलणार नाही.

ती विचारायला गेली आहे. फोन कानाला धरून लिहिते आहे. तिची पावलं पलंगापाशी थांबली. उत्तर मला माहीत आहे, तरी धरून ठेवला आहे.