एका पानाची नऊ पानं

आगाशी,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. क्षितिजा,

अनेक आशीर्वाद. चार घरं सोडून राहणाऱ्या पुतणीला काका तिकीट लावून पत्र पाठवतो, म्हणजे एकतर निवृत्तीनं त्याचं डोकं फिरलंय, नाहीतर तिच्या तोंडाकडे बघून बोलायची त्याची हिंमत नाही. तुझ्या द्वारकाकाकूचं मत पहिलं आहे. खरं कारण तिला अजून सांगितलेलं नाही.

इकडे सर्व क्षेम. काकूचा गुडघा थंडीची वर्दी देऊ लागलाय. बॅप्टिस्टच्या ॲल्रॉयच्या लग्नाची पत्रिका मिळाली. कडेची पानांची नक्षी सुरेख आलीय. कागदावर नक्षी कापायचा तुझा नवा पंच चांगला निघाला म्हणायचा. आम्हा संस्कृतच्या मास्तरांच्या पाणिनीलासुद्धा इतकं काटेकोर कापता आलं नसतं.

नव्या पंचाविषयी लिहिलं, आता जुन्याविषयी लिहायला हवं. तुझ्या पडवीतल्या पत्रिकांच्या कारखान्यात रोज चहाला येऊन बसल्यामुळे मला त्या शास्त्राचे नियम पाठ आहेत. चकाकीचा कागद घालायचा नाही, चिकट कागद तर नाहीच. धार बोथट वाटली की दुहेरी फॉइलवर दहा वेळा दाबायचा. अडकायला लागला की मेणकागदावर. कपटे ब्रशनं झाडायचे आणि पंच कोरड्या डब्यात ठेवायचे. दर शनिवारी तुझ्या हाताखालची रोशनी मांडी घालून हे सगळं करायची. बेचाळीस पंच, एकेक पुसून. मी तिला चिडवायचो, "तुझी ही शनीची पूजा कधी आटपायची?" ती म्हणायची, "सर, तुमचे देव जेवले नाय तरी बसून रातात. माझे उपाशी राह्यले की कागद फाडतात."

जुन्या पंचाला पाणी लागलं ते माझ्यामुळे.

गणपतीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. हजार नावांनी हजार पानं वाहायचा संकल्प मी चारचौघांत सोडला होता. आपल्या वाड्यांमध्ये एके काळी पानवेलींचे मळे होते, त्याचाही अभिमान त्यात होता. पण आता विहिरीजवळ एकच वेल उरलीय, आणि मोजून पाहिली तर पानं सव्वाशे. बाजारातली पानं आणणं कमीपणाचं वाटलं. तुम्ही सगळ्याजणी नालासोपाऱ्याला माल द्यायला गेला होतात आणि किल्ली माझ्याकडे होती. तुझा पानाच्या आकाराचा पंच घेतला आणि एकेका विड्याच्या पानातून नऊ-नऊ इवलीशी पानं पाडली. पानाच्या रसानं तो चिकट झाला, म्हणून नळाखाली धुतला, बाहेरून धोतराला पुसला आणि डब्यात ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, आप्पांची भक्ती बघा, किती नाजूक पत्री! मी मान तुकवली. देवालाही फसवलं, पण त्यानं काही तक्रार केली नाही.

तक्रार केली ती ॲल्रॉयच्या पत्रिकांनी. पहिल्या चाळीस पत्रिकांच्या कडा कुरतडल्यासारख्या फाटल्या. तू पंच उघडलास तर आत गंज. तू, तुझी नेत्रावहिनी, चिवडा घेऊन आलेली काकू, आणि खुर्चीत मी. रोशनी पाणी भरून नुकतीच आली होती, पदराला हात पुसत. "मी पानी नाय लावला गो ताई. पोरांची शप्पत."

त्यावर मी काय बोललो ते तुला आठवत असेलच. मला शब्दन् शब्द आठवतो. "शपथ हे प्रमाण नव्हे. गंज आहे तिथं ओल असते. आणि ओल्या हातांचं इथं एकच माणूस आहे." नेत्रा हसली. माझा तर्क बिनचूक होता, फक्त एक माणूस त्यातून वगळला होता.

त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर तुम्ही महिनाभर माझी टिंगल केली असती, एवढंच. तेवढंही मला झेपलं नाही. रोशनीनं उरलेले कपटे झाडले, पिशवी उचलली आणि गेली, ती कायमची. दुसऱ्या दिवशी तू भिंतीवर पाटी लावलीस: 'ओल्या हातांनी पंचाला हात लावू नये.' त्या पाटीसमोर बसून मी दोन महिने चहा पितोय.

परवा तू म्हणालीस, "काका, रोशनी असती तर नाताळची कामं निभली असती. पण विश्वासच उडाला." काल बस धरून कामणला गेलो. ती तिथं एका गोदामात खोकी बांधते, दिवसभर उभी राहून. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली. मी रस्त्यातच सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "मना माहीत व्हता, सर."

"कसं?"

"गंज दिसायच्या आधी पंच अडकला, तवा मीच सुईनं आतला चोथा काढला. हिरवा. पानवेलीचा वास लपतो काय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी खुर्चीवं बसलेलाव ना समोर. मना वाटला, आता सर बोलतील." डब्याचं झाकण उघडत म्हणाली, "बोललाव. पन भलताच."

क्षिती, बत्तीस वर्षं मी पोरांना सत्य शिकवलं. त्या बाईनं मला ते बोलायला पुरेसा वेळ दिला होता आणि मी तो तिलाच दोषी ठरवण्यात घालवला.

परत येशील का, असं विचारलं. म्हणाली, "येन. पन ज्यांच्या समोर माझा नाव घेतलाव, त्यांच्याच समोर तुमचा घ्यायचा. चिठ्ठीत नाय."

म्हणजे या पत्रानं माझी सुटका होत नाही. हे फक्त तुला आधी कळावं म्हणून. तिच्यासमोर तू पहिल्यांदा ऐकून चकित होण्यात वेळ घालवू नयेस. रविवारी दहा वाजता नेत्राला आणि तुझ्या काकूला पडवीत बसव. मी उभा राहून सांगेन. तू मध्ये पडू नकोस, 'जाऊ दे काका' म्हणू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

मला उत्तर नको. रोशनीला फोन कर, रविवारी बोलावून घे, आणि आधी तू तिची माफी माग. माझी पाळी त्यानंतर.

रविवारपर्यंत तुझ्या दारी चहाला न येणारा,
आत्माराम