मातीच्या भाकरीत मीठ

आबा, तुमची लेक सध्या बडोद्याला कॉलेजात बालविकास शिकते. म्हणजे लहान मुलं कशी वाढतात, घरातली माणसं त्यांच्याशी कशी वागतात, हे. तुम्ही गेलात तेव्हा मी पहिलीत होते. आपल्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच, आणि त्यात हा विषय! निघताना पोलादपूरच्या एस.टी. थांब्यावर काका सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरं वाढवायला शिकायला बडोदं? आमची काय झाडाला लागली?" माझी ट्रंक टपावर चढवायला देता देता आई म्हणाली, "तुमची बघितली, म्हणूनच पाठवतेय, भावोजी." सगळा थांबा हसला, काकासुद्धा. मी मात्र महाड येईपर्यंत तिकीट मुठीत घट्ट धरून बसले होते. माझा घाबरट स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे.

परवा प्रात्यक्षिक परीक्षा झाली. कॉलेजच्या बालवाडीत एका मुलाजवळ बसून त्याचं वागणं फक्त पाहायचं. नियम एकच, त्याच्या खेळात आपण शिरायचं नाही. नापास झाले असते तर शिष्यवृत्ती बंद, आणि मी परत गावी. माझ्या वाट्याला तिथल्याच एका मराठी घरातली तीन वर्षांची मुलगी आली. बालवाडीत आल्यापासून ती कुणाशी एक शब्द बोललेली नव्हती. ती ओली वाळू थापत बसली होती, मी पाहत होते, परीक्षा घेणाऱ्या बाई माझ्यामागे उभ्या होत्या. एकाएकी ती उठते, वाळूची भाकरी दोन्ही तळहातांवर सांभाळत येते आणि माझ्यापुढे धरते. घ्यावी, की नियम पाळावा?

आणि मला आंबेनळी घाटाखालचं आपलं नाचणीचं शेत दिसलं. दुपारी तुम्ही बांधावर टेकलेले. मी तांबड्या मातीची भाकरी पानावर वाढलेली. काका ओरडतात, "पोरीनं माती वाढली नि तू खातोस व्हय रे?" तुम्ही त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. सावकाश तोंड हलवत मला म्हणता, "मीठ कमी हाय गो." मग मी धावत जाऊन चिमूटभर धूळ आणते.

मी भाकरी घेतली. तोंडाशी नेली, चव घेतली आणि म्हटलं, "मीठ कमी आहे गं."

तिनं कमरेवर हात ठेवले. "घातलंय की!"

सगळी बालवाडी वळून बघायला लागली. मग ती माझ्या मांडीला टेकून बसली आणि दुसरी भाकरी थापू लागली. तास संपल्यावर बाई म्हणाल्या, "नियम मोडलास." मग त्या हसल्या. "मी असते तर आणखी एक मागून घेतली असती. पास आहेस. कुठं शिकलीस हे?" मी म्हटलं, "घरी."

आईला पास झाल्याचं कार्ड टाकलंय. हा कागद ट्रंकेत साड्यांखाली राहील. तुम्ही खरंच खाता का, म्हणून मी तुम्हाला जीभ दाखवायला लावायची. ती तांबडी दिसली की माझा विश्वास बसायचा. ती विड्याच्या पानानं रंगलेली असायची, हे कितीतरी वर्षांनी लक्षात आलं. परवा मी मात्र थोडी वाळू खरीच खाल्ली, आबा. दातांत करकरत होती, आणि संध्याकाळपर्यंत मी चूळ भरली नाही.